लीलावतीला विचारलेला प्रश्न

लीलावतीचे नाव निघाले की आपल्याला आधी आठवते ते घटिकापात्र. विवाहाचा मुहूर्त, पात्रात वाकून पाहणारी मुलगी, निसटलेला मोती, बुजलेले छिद्र, टळलेली घटिका; आणि दुःखी मुलीच्या सांत्वनासाठी तिच्या नावाने ग्रंथ रचणारे भास्कराचार्य. मूळ ग्रंथात ही कथा नाही. ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमारास सिद्ध झाला. कथा येते ती १५८७ साली फैजीने केलेल्या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी.

ग्रंथात आढळते ते वेगळेच. तेथे एका बालेला उद्देशून गणिते घातली आहेत. संबोधनात तिच्या डोळ्यांची स्तुती आहे खरी; पण श्लोक स्तुतीपाशी थांबत नाही, उत्तर मागतो. मित्र, गणक अशी इतर संबोधनेही ग्रंथात येतात आणि ही बाला त्यांच्याच पंक्तीला बसते. अर्थात ग्रंथाला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. व्यस्त त्रैराशिकाच्या एका उदाहरणात सोळा वर्षांच्या दासीची किंमत देऊन वीस वर्षांच्या दासीची विचारली आहे. एकाच ग्रंथात स्त्री हिशेब करणारी आहे आणि हिशेबातली वस्तूही आहे. आपल्या परंपरेने मात्र हा सारा पेच बाजूला सारून सांत्वनाची गोष्ट तेवढी जपली.

हे आज आठवायचे कारण पुसेगाव. साताऱ्याचे, सेवागिरी महाराजांचे नव्हे. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. अशा गावातल्या पाचवीच्या हुशार मुलीपुढचा पहिला मोठा दरवाजा म्हणजे नवोदय. जिल्ह्याचे नवोदय विद्यालय वसमतला आहे. त्याच्या प्रवेशपरीक्षेत अंकगणित असते आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींना असतात. जागा अशा राखून ठेवता येतात. गणित आपले आहे ही भावना कोणत्या नियमाने राखायची?

ती भाषेतून घडते, आणि भाषेतूनच मोडते. मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले की आपण म्हणतो, 'डोके आहे'. मुलीला मिळाले की म्हणतो, 'मेहनती आहे'. दोन्ही स्तुतीच, पण अवघड उदाहरण अडले की त्यांचा अर्थ फिरतो. मुलगा समजतो, उदाहरण अवघड आहे. मुलगी समजते, आपली पोच संपली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे दिसले की सहाव्या वर्षापासूनच मुली 'फार फार हुशार' हे विशेषण स्वतःच्या लिंगाशी कमी जोडू लागतात.

यावर कोणी म्हणेल, मुलींचा कलच तसा असतो. अमेरिकेतच १९८३ साली बेनबो आणि स्टॅन्ली यांनी तेरा वर्षांखालील असामान्य मुलांचे आकडे दिले होते. सॅटच्या गणितात ७०० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांत एका मुलीमागे तेरा मुलगे होते. पुढच्या दशकाभरात हे प्रमाण एकास चारच्या आसपास आले. जन्मजात कल दहा वर्षांत बदलत नसतो. संधी, शिकवणी आणि अपेक्षा बदलू शकतात.

आपल्याकडचे उदाहरण डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांचे. १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या एम. ए.त सुवर्णपदकासह पहिल्या, पीएच. डी. मात्र १९८१ साली. 'लीलावतीज डॉटर्स' या २००८ सालच्या संकलनात त्यांनी आपली कहाणी प्रातिनिधिक मानली आहे : घराला कारकिर्दीच्या आधी ठेवणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांची. गणिताची त्यांची ओढ ओसरली असे कोण म्हणेल? 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या बाई होत्या त्या.

साहित्याच्या शिक्षकांनी यात का पडावे? विशेषणे हा आपला प्रांत आहे म्हणून. वर्गशिक्षक या नात्याने प्रगतिपुस्तकावरचा शेरा पुष्कळदा आपणच लिहितो. पुढच्या वेळी मुलीच्या नावापुढे 'कष्टाळू' लिहिताना, तेवढेच गुण मिळवणाऱ्या मुलापुढे आपण काय लिहिले ते एकदा उलटून पाहावे. आणि 'लीलावती' शिकवण्याचा प्रसंग आला तर मोत्याची गोष्ट शेवटी सांगावी. आधी एखादे गणित घालावे, आणि मुलींकडून उत्तर येईपर्यंत थांबावे.