फॉस्फेटी सिमेंट : आग आणि पाणी

द्राक्षबागाईतदारांस ०:५२:३४ या खताची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. याच क्षारांत कडक भाजलेल्या मॅग्नेशियाची भुकटी व पाणी कालविलें असतां कांहीं मिनिटांतच दगडासारखा कठीण गोळा बनतो. अमेरिकेंतील आर्गोन प्रयोगशाळेनें १९९० च्या दशकांत किरणोत्सर्गी कचरा कोंडण्यासाठीं हें मिश्रण सिद्ध केलें. त्यावरून ‘यास ना आगीचें भय, ना पाण्याचें’ असें कोणी सांगूं लागल्यास शेतकऱ्यानें सावध व्हावें; कारण साध्या सिमेंटाहून हें कितीतरी महाग पडतें.

या दगडाच्या मुख्य स्फटिकांत वजनाचे शेंकडा ४० भाग पाणीच बांधलेलें असतें. उष्णता १०० अंशांच्या आसपास गेली कीं तें सुटतें, आंत पोकळ्या पडतात व जोर ओसरतो. मग गुऱ्हाळाच्या चुलवणास तें काय कामाचें? तेथें अग्निरोधक विटाच बऱ्या.

पाण्याची गोष्ट जरा निराळी आहे. स्फटिक स्वतः फारसा विरघळत नाहीं. परंतु संयोग न पावलेला क्षार आंत उरला असेल तर तो पाझरून जातो. खतच तें, विरघळणारच! मॅग्नेशिया सढळ घातला व भिजण्यापूर्वीं कांहीं दिवस हवेवर ठेवलें, तर ही खोड पुष्कळ कमी होते. तरीही सदा भरलेल्या हौदास आम्ही तें लावणार नाहीं. गोदामाच्या फरशीची भेग बुजविण्यास मात्र खुशाल वापरावें. घेण्यापूर्वीं तीन वड्या पाडाव्या. एक महिनाभर पाण्यांत बुडवावी, दुसरी तव्यावर तापवावी, तिसरी तशीच ठेवावी, आणि तिन्ही हातोडीनें ठोकून पाहाव्या.