अंगात येते ते काय?

होळी जवळ आली की बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईच्या शिवारात, सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे, माणसांची रीघ लागते. नारळांची होळी पेटते, पुढे संदल निघतो. हिंदू-मुसलमान असा भेद इथे कुणी विचारत नाही. या गर्दीत घरच्यांनी धरून आणलेले मनोरुग्णही असतात. कुणी घुमते, कुणी केस मोकळे सोडून डोके फिरवते, कुणी जमिनीवर गडबडा लोळते. दर्ग्यावर याला ‘हाजरी’ म्हणतात, देवळात ‘अंगात येणे’. शिकलेला माणूस ‘अंधश्रद्धा’ एवढा एकच शब्द उच्चारून मोकळा होतो. शब्द खोटा नाही, पण पुरेसा नाही.

भूतबाधा नसतेच, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. दुःख मनाचे, मग ते अंगातून का बाहेर पडते?

संकट आले की शरीर पळायला किंवा झुंजायला सज्ज होते. काळीज धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठरतात. पण रोज मार खाणाऱ्या सासुरवाशिणीला पळताही येत नाही आणि उलटून ओरडताही येत नाही. अशा वेळी शरीर गोठते. पुढे वर्षे लोटली तरी भांडे पडल्याच्या आवाजाने ती दचकते, तिची झोप उडते, छातीवर दडपण येते. तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. असा प्रसंग पाहिलेल्याला ‘झाले गेले विसरा’ म्हणून भागत नाही. त्याचे मन कदाचित ऐकेल, पण शरीर ऐकत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकातही आता शरीराच्या वाटेने उपचार करण्याचा विचार रुजला आहे. पीटर लेव्हीन यांचे या विषयावरील पुस्तक १९९७ साली आले. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ २०१४ चे. त्याच वर्षी व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी जुन्या आघाताने पीडित अशा ६४ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे योगासने केलेल्या ३१ पैकी १६ जणींत त्या विकाराचे निदान उरले नाही. दुसऱ्या गटात २९ पैकी ६ जणींत उरले नाही. अभ्यास लहान आहे आणि योग हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. पण दिशा कळते.

आपल्या बायका जात्यावर बसत तेव्हा हात फिरत असे, श्वासाला लय मिळे आणि माहेरची आठवण, सासरचा जाच ओवीतून बाहेर पडे. जाते गेले ते बरेच झाले, कारण ते कष्टाचे होते. पण त्याबरोबर दुःख बोलण्याची जागाही गेली. सैलानीला घुमणाऱ्या बाईला तेवढा वेळ तरी ओरडता येते, रडता येते आणि त्याबद्दल कुणी तिला बोल लावत नाही. तिला थोडे हलके वाटत असेल, तर ते यामुळे.

मात्र इथेच सीमारेषा आखली पाहिजे. भेदरलेल्या शरीराला आधी सुरक्षितता हवी असते. साखळी, छडी, उपास यांनी त्याची भीती दुप्पट होते. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांत अडकलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे वा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही साखळीला बंदी केली आहे.

गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ हा उपक्रम झाला. मुजावराने दुवा द्यावी आणि रुग्णाला शेजारच्या डॉक्टरकडे पाठवावे. असे सैलानीला का होऊ नये? श्रद्धेला हात न लावता रोग्याचा हात धरता येतो.

घरच्यांनीही थोडे समजून घ्यावे. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली बाई महिनोन्महिने गप्प असेल, तर ‘नाटक करते’ म्हणू नये. तिला सोबत घेऊन फिरावे, दीर्घ श्वास घ्यायला शिकवावे, हवे तेव्हा रडू द्यावे. मात्र कुठलीही गोष्ट तिच्या मर्जीविरुद्ध करू नये. जिल्हा रुग्णालयात दाखवावे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येते. यात्रेला न्यायचेच असेल तर जरूर न्यावे, पण जायचे की नाही हे आधी तिला विचारावे आणि गोळ्यांची पुडी पिशवीत विसरू नये.