उत्तम पळणारा कोणास म्हणावे?

खो-खोचा संघ निवडावयाचा असला म्हणजे पुष्कळ ठिकाणी प्रथम मुलांस सरळ रेषेत धावावयास लावतात. जो पुढे जाईल तो संघात, मागे राहील तो बाहेर. ही रीत आम्हांस सदोष वाटते. चपळ पायांचा गडी कामापुरता पळणारा होईल. थोर पळणारा होण्यास निराळाच गुण लागतो.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या समितीने 1914 साली ज्या खेळास नियमांची शिस्त लावली, त्याची घटनाच पाहा. आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात व नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. मधली रेषाही ओलांडता येत नाही. पळणाऱ्यास मात्र दोन्ही गोष्टींची मुभा असते. साधारण गडी भीतीपोटी आधीच धाव घेतो आणि आपला बेत उघड करतो. थोर गडी क्षणभर थांबतो, पाठलाग करणाऱ्यास दिशा धरू देतो व मगच हूल देऊन दुसऱ्या अंगास वळतो. हा धीर सरळ शर्यतीत कसा दिसावा?

दुसरी गोष्ट, पळणारे तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. एक तुकडी जितकी टिकेल तितका पुढील तिघांवरील भार हलका होतो. म्हणून थोर गडी टाळ्यांसाठी धावत नाही. बाहेर बसलेल्या सोबत्यांसाठी दम राखतो.

वेग नकोच, असे आमचे म्हणणे नाही. पण वेगाबरोबर नजर व धीर हवा, आणि ती शिकविता येतात. धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचेच. मग धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरवाटा रोज तुडविणाऱ्या आमच्या मुलामुलींनी मागे का राहावे? त्यांच्या पायांत बळ आहे; उणीव आहे ती शिकविणाऱ्याची व संधीची.

पालकवर्गास आमची विनंती की, मैदानावरील तास वाया गेला असे मानू नये, आणि मुलीस तर घरकामाच्या सबबीने मुळीच अडवू नये. संकट अंगावर येत असता न गोंधळता योग्य क्षणाची वाट पाहणे हे शिक्षण पुस्तकात सहसा मिळत नाही. निवड करणाऱ्यांसही सुचवावेसे वाटते की, शर्यतीत मागे पडलेल्या मुलास एकदा नऊ मिनिटांच्या पूर्ण पाळीत पळवून पाहावे. कदाचित तोच अखेरपर्यंत उभा राहील.