बारकावे ऐकू आले, गाणे कुठे गेले?

रविवारची सकाळ. नोएडा, द्वारका किंवा गुरगावातल्या एखाद्या मराठी घरात नवी साउंड सिस्टिम आलेली असते. मुलाने आठवडाभर माहिती वाचून, चार दुकाने पालथी घालून ती निवडलेली असते. सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसतात. ‘‘बाबा, गायकाने श्वास घेतला, ऐकलात?’’ ‘‘आता मागे कुणी तरी खुर्ची सरकवली, कळलं?’’ बाबा कौतुकाने मान डोलावतात. ‘‘छान आहे रे,’’ असे आई म्हणते. पण अर्ध्या तासात बाबांच्या हाती वर्तमानपत्र येते आणि आईला कुकरची आठवण होते. महिनाभरात सिस्टिमवर विणलेला रुमाल पडतो, त्यावर फुलदाणी येते. गंमत अशी, की तीच आई रोज सकाळी ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून भक्तिगीते लावते आणि ती मात्र शेवटपर्यंत ऐकते.

असे का व्हावे? एवढे पैसे खर्चूनही घर गाण्यापाशी का बसत नाही?

याचे एक कारण दुकानात दडलेले असते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटपासून मोठमोठ्या मॉलपर्यंत स्पीकर विकणाऱ्यांची वाण नाही. दुकानात एकेक सिस्टिम दोन-चार मिनिटेच वाजते. तेवढ्या वेळात जी जास्त चमकदार वाटते, ती पसंत पडते. दोन स्पीकरांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर आपल्या कानाला तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. वरचे स्वर, म्हणजे ट्रेबल, थोडे चढवलेले असतील, तर झांजेची किणकिण आणि तारेवरचा नखाचा आघात लख्ख ऐकू येतो. माणूस खूश होतो. पण पहिल्या घासाला झणझणीत लागलेली भाजी रोज दोन्ही वेळा खाता येत नाही, तसेच या चमकेचे होते. तासाभरात कान शिणतात आणि आपण बंद करतो. दोष गाण्याला नसतो.

तरुण निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ही सारी कक्षा सामावून घेते. मात्र गाणाऱ्या गळ्याचे मूळ स्वर यातल्या साधारण ८० ते १,००० हर्ट्झच्या पट्ट्यातच असतात. त्यावरचे ध्वनी आवाजाला त्याची ओळख देतात, शब्दांना धार देतात. म्हणजे बारकाव्यांचे काम मोठे आहे, पण ते गाण्याच्या सेवेला असावेत. पाहुण्यांच्या पंगतीत वाढप्यानेच पाटावर बसावे, असे होऊ नये.

गाण्याची पकड बारकाव्यांवर किती थोडी अवलंबून असते, याचे एक उदाहरण मराठी माणसाच्या फार जवळचे आहे. दिल्लीच्या उत्तरेला, साधारण शंभर किलोमीटरवर, यमुनेकाठच्या भागात कैराना हे गाव आहे. किराणा घराण्याचे नाव या गावावरून पडले. उस्ताद अब्दुल करीम खाँ १८७२ साली तेथे जन्मले आणि पुढे महाराष्ट्रात, मिरजेत स्थायिक झाले. त्यांनी गायलेल्या झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड लहानग्या भीमसेन जोशींच्या कानी पडली आणि ‘आपल्याला असे गायचे आहे’ या एका ध्यासाने त्या मुलाने घर सोडले. गुरूच्या शोधात तो ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकला आणि अखेर अब्दुल करीम खाँचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांपाशी पोहोचला. २००८ मध्ये याच भीमसेनजींना भारतरत्न जाहीर झाले.

ती रेकॉर्ड होती ७८ फेऱ्यांची. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे, सुईची सतत खरखर, खालचे आणि वरचे कित्येक स्वर मुळात तबकडीवर उतरलेलेच नाहीत. आजचा साधा मोबाइलसुद्धा त्याहून अधिक ध्वनी टिपतो. तरीही त्या तीन मिनिटांनी एका मुलाचे आयुष्य बदलले.

दिल्लीच्या आकाशवाणीचेही असेच आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्याच वर्षी २० जुलैला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. केसकरांनी रेडिओवरची सिनेमाची गाणी कमी केली म्हणून श्रोते रुसले आणि रेडिओ सिलोनकडे वळले, ही गोष्ट वेगळी. पण देशभरच्या घरांत थोर गायक-वादकांची मैफल पोहोचली, ती एकाच स्पीकरच्या, खरखरणाऱ्या रेडिओतून. पुढे १९८० च्या दशकात नोएडाच्या टी-सिरीजने स्वस्त कॅसेटचा पूर आणला. त्या कॅसेटमागे टेपची सूं-सूं सतत ऐकू येई, तरी लोकांनी त्या झिजेपर्यंत वाजवल्या.

म्हणून जुने तेच सोने आणि चांगली सिस्टिम म्हणजे उधळपट्टी, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बारकाव्यांशिवाय हरवते ते काय, हे तंबोऱ्याला विचारावे. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे सारे कसब जवारीत असते. घोडीचा पृष्ठभाग घासून त्याला हलकासा उतार द्यायचा आणि तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवायचा. मग एकाच तारेतून अनेक सहस्वर उमलतात आणि त्यांचे वलय गायकाभोवती उभे राहते. सुमार स्पीकरवर या वलयाची नुसती भुणभुण होते. फार चढ्या स्पीकरवर तंबोरा गायकाच्या पुढे येऊन बसतो. चांगल्या सिस्टिमवर तो मागेच राहतो, पण त्याच्याकडे लक्ष दिले की तार न् तार मोजता येते. बारकावा आणि गोडी यांचा मेळ जमला, याची याहून चांगली खूण नाही.

हा मेळ पैशांपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असतो. दिल्लीकडच्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स किंवा संगमरवर, समोर काचेची मोठी दारे आणि उघड्या भिंती असतात. आवाज या सगळ्यांवर आपटून परततो, मूळ आवाजात मिसळतो आणि शब्द पुसट होतात. नवी महागडी वायर घेण्याआधी जमिनीवर जाड सतरंजी घालावी, काचेवर पडदे सोडावेत, एका भिंतीला पुस्तकांचे कपाट ठेवावे. स्पीकर कोपऱ्यात कोंबले की डग्गा नको तेवढा घुमतो. ते भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्यावेत. दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर बसावे. वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. एवढ्याने बिनखर्चाचा जो फरक पडतो, तो पुष्कळदा नव्या यंत्राने पडत नाही.

दिल्लीचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. मे महिन्यात कूलर घरघरत असेल, तर त्याच्या आवाजाखालचा कोणताही बारकावा ऐकू येणार नाही, यंत्र कितीही भारी असो. मग लोक आवाज वाढवतात. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार हवा, तसा कानांचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये; आवाज वाढला, की ही वेळ झपाट्याने कमी होते. उलट, रात्री आवाज अगदी कमी ठेवला, की गाणे पातळ वाटू लागते. त्यात यंत्राचा दोष नसतो. हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. अशा वेळी ‘बास’चे बटण थोडे फिरवण्यात काहीही कमीपणा नाही.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. घरातले सगळे कान सारखे नसतात. वय वाढते तसे वरचे ध्वनी आधी हरवतात. विशीतल्या मुलाला झांजेची जी लकेर ऐकू येते, ती सत्तरीतल्या आजोबांच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने त्याच पट्ट्यात असल्याने त्यांना गाण्याचे शब्दही निसटल्यासारखे वाटतात. पण आवाज एकदम वाढवला, तर तोच त्यांना कर्कश लागतो. ‘‘आजोबा, एवढंही ऐकू येत नाही?’’ असे नातवाने सहज विचारले, की आजोबा ‘‘येतं, येतं’’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत बसायचे टाळतात. अनेक घरांतली सिस्टिम अशीच एकट्याची होऊन बसते.

म्हणून खरेदीची परीक्षा एकट्याने देऊ नये. दुकानात जाताना आई-वडिलांना बरोबर न्यावे. दुकानदाराच्या झगमगीत नमुन्याऐवजी घरी शेकडो वेळा ऐकलेले गाणे लावायला सांगावे. दोन सिस्टिमचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी आणि निदान अर्धा तास बसावे. आपण सारखे ‘हे ऐकलंत का, ते ऐकलंत का’ म्हणत असलो, तर अजून यंत्रच ऐकतो आहोत, असे समजावे. बोलणे थांबले, आईची बोटे मांडीवर ताल धरू लागली, विलंबित संपून द्रुत कधी सुरू झाली ते कुणाच्या ध्यानातही आले नाही, की यंत्र योग्य आहे.

मग ते घरी आणावे. त्यावर रुमाल घालायची वेळ येणार नाही.