आवडीलाही पोट असतं

मुलीनं घरात सांगितलं की मला वन्यजीवांवर संशोधन करायचंय, तर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘त्यात नोकऱ्या कुठं आहेत?’ प्रश्न काळजीपोटी येतो, हे मान्य. पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही आणि पोरगी मुकाट्यानं फार्मसीच्या रांगेत जाऊन उभी राहते.

नोकऱ्या आहेत. खाण, धरण, बंदर किंवा मोठा महामार्ग करायचा तर 2006च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण आघात मूल्यांकन करावं लागतं, आणि ते करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेकडे जैवविविधतेचा जाणकार असावाच लागतो. 2002च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. ती नीट करायची तर झाडं, मासे, पाखरं ओळखणारी माणसं लागतात. व्याघ्रप्रकल्प जीवशास्त्रज्ञ नेमतात. यातली बहुतेक कामं कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की संपतात. नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची हमी एवढाच अर्थ घेतला तर आक्षेप खरा ठरेल. पण तेवढी हमी आज इंजिनिअरिंगला तरी कुठं आहे?

शिक्षणाची वाटही अंधारी नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत 1988पासून वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. शिकवतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात या विषयाची छोटी तुकडी घेतात. तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत पुण्याच्या माधव गाडगीळांनी 1983 साली परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. इतक्या लांब जायचं नसेल तर पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे, आणि मुंबईत 1883 साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) आहे. गेट परीक्षेत इकॉलॉजी आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर असतो. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर 1 जानेवारी 2023पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. संशोधन करणारं पोर उपाशी मरतं, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

‘म्हणजे आयुष्यभर जंगलात राहायचं?’ असंही विचारतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास केला, तो उसाच्या फडांत आणि वस्त्यांच्या कडेला. जंगल नसलेल्या त्या दाट वस्तीच्या पट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले. 2013 साली ते काम प्रसिद्ध झालं. नगर, नाशिक, जुन्नरच्या शेतकऱ्याला रात्री मोटार चालू करायला जाताना जो प्रश्न पडतो, तो याच शास्त्राचा प्रश्न आहे.

हे सगळे आक्षेप बाहेरचे झाले. मला खरं भांडायचंय ते आतल्या लोकांशी.

फील्ड असिस्टंट पाहिजे म्हणून निघणाऱ्या जाहिराती नीट वाचा. सहा महिने पूर्णवेळ काम, राहण्या-जेवण्याची सोय, शेवटी प्रमाणपत्र. मानधन नाही, प्रवासखर्च स्वतःचा. खाली एक ओळ असते की मनापासून आवड असणाऱ्यांनीच अर्ज करावा. पुढं एम.एस्सी.च्या मुलाखतीत आणि प्रकल्पांच्या भरतीत याच अनुभवाचं वजन पडतं. म्हणजे ज्याच्या घरी सहा महिने बिनपगारी पोसण्याची ऐपत आहे, त्याचीच आवड मनापासूनची ठरते.

ते काम काय असतं? वाघ मोजण्याचंच घ्या. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर हालचाल टिपणारे कॅमेरे बांधावे लागतात. पुढ्यातलं गवत कापायचं, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या पात्यांचेच फोटो येतात. ठरल्या दिवशी बॅटऱ्या पाहायच्या, कार्ड बदलायची, ठिकाण आणि वेळ वहीत चढवायची. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एका वाघाचे दोन मोजले जाण्याची भीती. 2018च्या व्याघ्रगणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लावले होते. जवळपास साडेतीन कोटी छायाचित्रांत वाघाची होती 76,651. हातात कौशल्य आणि अंगात चिकाटी असल्याशिवाय हे होत नाही. अशा कामाला छंद म्हणणं हा ते काम करणाऱ्याचा अपमान आहे.

‘आम्हीही असेच शिकलो’ हे समर्थन तर मुळीच टिकत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला इंटर्नही शिकतच असतो, त्याला विद्यावेतन मिळतं. 2015 साली ‘वाइल्डलाइफ सोसायटी बुलेटिन’ या अमेरिकी नियतकालिकात दोन संशोधकांनी लिहिलं होतं की बिनपगारी फील्ड तंत्रज्ञ घेण्याची प्रथा या शास्त्राला मारक आहे. ज्यांना परवडत नाही ती माणसं दारातूनच परत जातात. आपल्याकडे हे नुकसान दुप्पट आहे. मेळघाटातला कोरकू तरुण ठशावरून नर-मादी सांगतो, लेंड्यांवरून चितळ की सांबर ते ओळखतो. त्याला आपण रोजंदारीवर वाटाड्या म्हणून घेतो. त्याचीच बहीण धारणीहून बी.एस्सी. होऊन आली, तर बिनपगारी सहा महिने तिला परवडणार नाहीत. मग संशोधक म्हणून शहरातून कुणीतरी येतो, आणि जंगल त्याला तो वाटाड्याच शिकवतो. शोधनिबंधात वाटाड्याचं नाव आलंच तर आभाराच्या ओळीत.

म्हणून मागणी साधी आहे. मानधनाचा आकडा जाहिरातीत छापा. भागातल्या पदवीधरांना आधी बोलवा. इंग्रजी अडतं म्हणून त्यांना नाकारू नका. ट्रान्झेक्टची, म्हणजे ठरल्या रेषेवरून चालत दिसलेल्या प्राण्यांची, नोंद मराठीतही तितकीच अचूक होते, आणि संख्याशास्त्र शिकवता येतं.

यावर उत्तर येतं, ‘अनुदान पुरत नाही.’ कॅमेऱ्यांना पुरतं, जीपच्या डिझेलला पुरतं, परदेशातल्या परिषदेच्या तिकिटाला पुरतं. पेट्रोलपंपावर कुणी आवडीच्या नावानं डिझेल मागत नाही. अर्ज लिहितानाच माणसांचा पगार पहिल्या ओळीत मांडा. तरीही पैसे कमी पडले, तर सहा मदतनिसांऐवजी तीन घ्या, अभ्यासाचं क्षेत्र निम्मं करा, आणि त्या तिघांना महिन्याच्या एक तारखेला पगार द्या.