तें गाणें आतां कोणीं गाऊं नये

गेल्या रामनवमीस आम्ही आमगावीं थोरल्या बंधूंकडे होतों. गोंदिया सोडून गाडी रायपूरच्या दिशेस लागली कीं थोड्याच वेळांत हें स्थानक येतें, आणि खालीं उतरतांच मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी अशा चार बोली कानीं पडतात. दादा तरुणपणीं शिक्षक म्हणून येथें आले व येथलेच होऊन राहिले. त्यांच्या घरचा रामजन्म म्हणजे आम्हां भावंडांचा वार्षिक मेळावा. कामें कितीहि असोत, तो आम्ही चुकवीत नाहीं. या खेपेस मात्र पाळण्याला फुलें बांधण्यापूर्वींच घरांत एक वाद उभा राहिलेला दिसला, आणि 'तुम्ही मासिकांत लिहितां, तेव्हां तुम्हीच काय तें सांगा' असें म्हणून त्याचा निवाडा आमच्याकडे आला.

वादाचें मूळ एक जुनी वही. आमच्या वहिनींचें माहेर पुण्याचें. ता. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या सकाळीं पावणेनऊ वाजतां, पुणें आकाशवाणीवरून गीतरामायणाचें पहिलें गीत प्रसृत झालें, तेव्हां त्या दहा वर्षांच्या होत्या. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि सगळी कल्पना ज्यांच्या डोक्यांतून निघाली ते केंद्रावरील सीताकांत लाड, ही माहिती आमच्या वाचकांस नवी नाहीं. दर शुक्रवारीं नवें गीत होई, आणि शनिवारीं व रविवारीं तेंच पुन्हां ऐकवीत. वहिनींनीं या व्यवस्थेचा पुरेपूर उपयोग करून घेतला. शुक्रवारीं जेवढे शब्द हातीं लागतील तेवढे पेन्सिलीनें टिपावयाचे, शनिवारीं गाळलेल्या जागा भरावयाच्या, आणि रविवारीं सबंध गीत शाईनें लिहून काढावयाचें. वर्षाचे बावन्न आठवडे धरून आखलेली मालिका अधिक मास आल्यामुळें छप्पन्न गीतांवर गेली. म्हणून वहीला शेवटीं चार सुटीं पानें दोऱ्यानें शिवलेलीं आहेत.

ही वही घेऊन त्या सासरीं आल्या. पुढें पन्नासांहून अधिक वर्षें, सुंठवडा वाटून झाला कीं माजघरांत बसून वहिनींनीं त्यांतलीं दोन-तीन गीतें म्हणावयाचीं, असा परिपाठ पडला. शेवटचें गीत ठरलेलें असे: अरण्यांत आणून सोडणाऱ्या लक्ष्मणाला सीता जें विचारते, तें. वहिनींचा गळा कांहीं तयारीचा नव्हता. पण तें गीत सुरू झालें कीं स्वयंपाकघरांतला भांड्यांचा आवाज आपोआप थांबे.

वहिनी जाऊन आतां पांच वर्षें झालीं. तेव्हांपासून दादा त्या दिवशीं फडक्यांची ध्वनिमुद्रिका लावतात आणि डोळे मिटून बसतात. यंदां सोळा वर्षांच्या नातीनें ती वही ट्रंकेंतून बाहेर काढली, आणि तें शेवटचें गीत आपण म्हणूं का, असें विचारलें. दादा एरवीं तिला कशालाहि नाहीं म्हणत नाहींत. या वेळीं म्हणाले, "नको, बाळ. बाबूजींनीं तें गाऊन ठेवलें आहे. त्यावर आणखी कोणीं कांहीं करावें असें उरलेलें नाहीं. आपण ऐकावें आणि हात जोडावे." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांना तें पटलें नव्हतें हें दिसतच होतें.

खरें सांगावयाचें तर आमचेंहि पहिलें मत दादांसारखेंच पडलें. कांहीं गाणीं अशीं असतात कीं त्यांतला शब्द, त्यांतला स्वर आणि त्यांतला गळा हीं तीन निरनिराळीं उरतच नाहींत. गीतरामायणांत फडक्यांचा शब्दोच्चार ऐकावा. जोडाक्षर कोठें तोडावें, श्वास कोठें घ्यावा, कोठल्या अक्षरावर नुसतें थांबावें, हें त्यांनीं एकदां ठरवून टाकलें आहे. अशा गाण्याला पुन्हां हात घालणाराला दोनच वाटा राहतात: एक तर हुबेहूब नक्कल करावी, नाहीं तर मुद्दाम कांहीं तरी वेगळें करावें. नकलेचा आम्हांस चांगलाच अनुभव आहे. एका गांवच्या स्पर्धेंत आम्हांस परीक्षक म्हणून बसविलें होतें. बारा मुलांनीं गीतरामायणांतलें एकच गीत म्हटलें, आणि बाराहि जणांनीं एकाच ठिकाणीं, एकाच प्रकारें श्वास टाकला. बक्षीस कोणाला दिलें हें आतां आठवत नाहीं. त्यानंतर तीन दिवस आम्हीं घरांत ती ध्वनिमुद्रिका लावूं दिली नाहीं, एवढें आठवतें.

हा अभिप्राय आम्हीं भर ओसरीवर, जरा गंभीर आवाजांत, सांगून टाकला. त्यावर नात म्हणाली, "पण काकाआजोबा, तें गाणें पहिल्यांदा बाबूजींनीं कुठें गायलें होतें? तें तर लता मंगेशकरांनीं गायलेलें आहे."

आम्ही निरुत्तर झालों. पोरीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. मूळ मालिकेंत रामाचा आवाज फडक्यांचा असला, तरी इतर पात्रांना निरनिराळे गळे होते. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशी ती मोठी मंडळी. आणि शेवटून दुसरें असलेलें सीतेचें हें गीत लता मंगेशकरांकडे होतें. फडके पुढें गांवोगांव गीतरामायणाचे कार्यक्रम करूं लागले, तेव्हां राम, सीता, कौसल्या, भरत, हनुमान अशीं सर्वच पात्रें ते एकटे गाऊं लागले, आणि ध्वनिमुद्रिकाहि त्यांच्या एकट्याच्या आवाजांत निघाल्या. म्हणजे ज्याला दादा 'मूळ' म्हणून हात जोडीत होते, तें दुसऱ्यानें पुन्हां गायलेलें गाणें होतें. तो दुसरा स्वतः चालीचा कर्ता होता हें खरें. पण सीतेच्या तोंडचें गीत पुरुषानें गावें ही सवलत आम्हीं त्यांना दिलीच ना? इतकी दिली कीं नभोवाणीवरचे ते पहिले आवाज पुष्कळांच्या स्मरणांतून पुसले गेले.

हें 'पुसलें जाणें' आम्हीं सहज बोलून गेलों, पण संध्याकाळीं तोच शब्द दुसऱ्या बाजूनें परत आला. मागील दारीं निवांतपणें भेटल्यावर सूनबाई म्हणाल्या, "मामंजींना बाबूजींचें गाणें बिघडेल ही भीति नाहींच मुळीं, काका. आईंचें पुसलें जाईल, ही आहे. आईंचा आवाज घरांत कुठेंच नाहीं हो. ह्यांनीं एकदां मोबाइलवर घेतला होता. तो मोबाइल बिघडला आणि तेंहि गेलें."

तेव्हां कुठें आमच्या ध्यानांत आलें कीं आम्हीं निवाडा दिला तो खटला वेगळाच होता.

ही भीति खोटी आहे असें म्हणण्याची आमची छाती नाहीं. मराठी रंगभूमीचाच दाखला घ्यावा. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' १८८२ सालचें. त्यांतली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांची, आणि त्या सुभद्रेवर त्या काळचे रसिक जीव ओवाळून टाकीत. भाऊराव १९०१ सालीं वारले. आपल्या देशांत ग्रामोफोनचें ध्वनिमुद्रण कलकत्त्यास सुरू झालें तें १९०२ सालीं! एका वर्षाच्या अंतरानें तो आवाज कायमचा हरवला. पुढें नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व त्याच किर्लोस्कर मंडळींत आले आणि सुभद्रेचीं तींच पदें गाऊं लागले. आज 'सौभद्रा'चें पद म्हटलें कीं कानांत बालगंधर्व वाजतात. भाऊरावांचें कांहीं उरलें नाहीं. आणि बालगंधर्वांच्या पदांना कोणीं हात लावूं नये असें म्हणणारी आमची पिढी २०११ साली 'बालगंधर्व' चित्रपट आला तेव्हां भुंवया उंचावूनच आंत गेली होती. पडद्यावर नट एक, गळा आनंद भाटे यांचा, आणि तरी बाहेर येतांना आम्ही निमूट होतों. पण भाऊराव ऐकलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थानें बालगंधर्वांच्या पहिल्या 'सौभद्रा'च्या वेळीं कान झांकून घेतले असते, तर आम्हीं त्याला काय उत्तर दिलें असतें?

आपल्या विदर्भाकडचेंच आणखी एक उदाहरण येथें आठवतें. 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचें, १९६७ सालचें. संगीत जितेंद्र अभिषेकींचें, आणि त्यांतले खांसाहेब म्हणजे मूर्तिजापुरास जन्मलेले वसंतराव देशपांडे. वसंतराव १९८३ सालीं गेले, तेव्हां त्यांचे नातू राहुल देशपांडे पुरते चार वर्षांचेहि नव्हते. त्यांनीं पुढें तेंच नाटक रंगभूमीवर पुन्हां उभें केलें, आणि २०१५ च्या चित्रपटांत खांसाहेबांचा गळा त्यांचाच आहे. आजोबांची बरोबरी झाली कीं नाहीं यावर आमच्या मित्रमंडळींत अजूनहि कडाक्याचें भांडण होतें. आम्हांस त्यांतलें एकच महत्त्वाचें वाटतें: त्या भांडणाच्या निमित्तानें दर वेळीं कोणी तरी वसंतरावांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाय मोकळे करण्याच्या निमित्तानें दादांस बरोबर घेऊन आम्ही पदमपुराकडे निघालों. आमगावच्या शेजारचें हें गांव म्हणजेच भवभूतीचें पद्मपूर, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादन केलें, आणि आमगावचें महाविद्यालयहि भवभूतीच्याच नांवाचें आहे. भाताचीं खाचरें दोन्ही बाजूंस कोरडीं पडलीं होतीं. वाटेनें आम्हीं दादांस विचारलें, "वाल्मीकीनंतर रामकथेला हात लावण्याचें या तुमच्या गांवकऱ्याला कांहीं कारण होतें का?"

दादा संस्कृत शिकविलेले शिक्षक. हा प्रश्न त्यांना टाळतां येण्यासारखा नव्हता. भवभूतीनें रामकथेवर एक सोडून दोन नाटकें लिहिलीं. 'उत्तररामचरितां'त तर त्यानें शेवटच बदलला. रामायणाच्या उत्तरकांडांत सीता पृथ्वीच्या पोटांत जाते. भवभूतीच्या सातव्या अंकांत वाल्मीकीनेंच रचलेलें नाटक अप्सरा करून दाखवितात, तें पाहतां पाहतां राम मूर्च्छित होतो, आणि सीता त्याला परत मिळते. आदिकवीच्या कृतीला एवढा मोठा धक्का! पण त्यामुळें वाल्मीकीचें एक अक्षरहि पुसलें गेलें नाहीं.

"तें लिहिलेलें होतें," दादा म्हणाले. "लिहिलेलें पुसलें जात नाहीं. गायलेलें जातें."

आम्हीं म्हटलें, "पण वाल्मीकीनें तरी तें स्वतः कोठें गायलें?" सगळें काव्य रचून झाल्यावर त्यानें तें कुशलवांना पढविलें, आणि गावयास त्यांना पाठविलें. गीतरामायणाचा आरंभहि त्या दोन मुलांच्या गाण्यानें होतो, आणि शेवटच्या गीतांत वाल्मीकि त्यांना रामासमोर जाऊन कसें गावें तें समजावून सांगतो. सीतेचा तो विलाप संपतो आणि लगेच हें शिकविणें सुरू होतें. वहिनींच्या वहींत या दोन गीतांची पानें समोरासमोर आहेत.

दादा यावर कांहीं बोलले नाहींत. परत फिरतांना वाटेंत चहा घेतला तेवढाच.

एक गोष्ट येथें नमूद करून ठेवतों, कारण तीवरून आमच्या पुतण्याशीं आमचा खटका उडाला. आतां अशीं यंत्रें निघालीं आहेत कीं दिवंगत गायकाचा आवाज हुबेहूब तयार करून त्याच्याकडून त्यानें कधीं न गायलेलें गाणें गाववितां येतें. 'आईचा आवाज थोडा जरी कुठें सांपडला तरी तसें करतां येईल,' असें तो भाबडेपणानें म्हणाला. आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें कीं हें त्या माउलीचें गाणें नव्हे, तिच्या नांवावर खपविलेली खोटी सही आहे. सोळा वर्षांच्या मुलीचा कच्चा गळा शतपट बरा. निदान तेथें कोणी तरी श्वास घेत असतें.

रामजन्माच्या दिवशीं बाराला पाळणा हलला, सुंठवडा झाला, आणि दादांनीं नेहमींप्रमाणें ध्वनिमुद्रिका लावण्यासाठीं हात पुढें केला, मग तो मागें घेऊन ते खुर्चींत टेंकून बसले, आणि नातीकडे न पाहतांच म्हणाले, "म्हण."

ती वही मांडीवर घेऊन बसली. सूर जरा चढाच लागला. पहिलें कडवें तिनें ध्वनिमुद्रिकेबरहुकूम म्हटलें, आणि आम्हांस ते स्पर्धेंतले बारा श्वास आठवूं लागले. दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस दादांनीं एकाएकीं हात वर केला.

"तेथें ती असें घेत नसे."

वहिनींनीं तें गीत अकराव्या वर्षीं नभोवाणीवर तीनदां ऐकून पाठ केलेलें. एका जागीं त्यांची चाल खालीं उतरण्याऐवजीं थोडी रेंगाळे. कोठल्याहि ध्वनिमुद्रिकेशीं ती जुळत नसे, आणि त्यावरून दादांनींच त्यांना उभा जन्म चिडविलेलें. आतां तीच जागा ते आपल्या फाटक्या आवाजांत म्हणून दाखवूं लागले. पहिल्यांदा जमलें नाहीं. दुसऱ्यांदाहि नाहीं. ऐंशी उलटलेल्या माणसाचा गळा तो. तिसऱ्या वेळेस कुठें ती वळणावर आली.

"पुन्हां एकदां, आजोबा," नात म्हणाली, आणि तिनें पेन्सिल काढली.