दाताचं ड्रिल प्रत्येक पेशंटनंतर निर्जंतुक होतं का? अडतं कुठे, समजून घ्या

कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत दातांचा छोटा दवाखाना म्हणजे एक खुर्ची, एक डॉक्टर आणि बाहेर ताटकळणारे पेशंट. ड्रिल, म्हणजे हँडपीस, दिवसभरात अनेकांच्या तोंडात जातं. मधल्या वेळात त्याचं काय होतं?

दवाखान्यातल्या स्वच्छतेचा प्रश्न 2025 मध्ये चर्चेत आला. तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत एका दंत दवाखान्याशी जोडल्या गेलेल्या मेंदूच्या संसर्गाने आठ जण दगावल्याचा अभ्यास तेव्हा प्रसिद्ध झाला. तिथे संशय सलाइनच्या बाटलीवर होता, ड्रिलवर नव्हे. पण छोटी हयगय किती महागात पडते, हे त्यातून दिसलं.

पुसून का भागत नाही?

हवेच्या दाबावर चालणारं हँडपीस मिनिटाला 3 ते 4 लाख फेरे घेतं. थांबताना ते लाळ आणि रक्त आत ओढू शकतं. स्पिरिटचा बोळा तिथे पोहोचत नाही. म्हणून दाबाखालची वाफ, म्हणजे ऑटोक्लेव्ह लागतो. त्यात 121 अंशांना 15 मिनिटं किंवा 134 अंशांना किमान 3 मिनिटं ठेवतात. अमेरिकेच्या सीडीसीने 2003 मध्येच प्रत्येक पेशंटनंतर हे करायला सांगितलं.

वाफेने ड्रिल खराब होतं का?

झीज होते. बेअरिंग आणि रबरी रिंगा वारंवारच्या उष्णतेने थकतात. मग आवाज वाढतो, बर थरथरतो. पण निष्काळजीपणाही तितकाच नडतो. आत राहिलेली घाण तापून घट्ट बसते, तेल न दिलेलं बेअरिंग लवकर जातं. आधी सफाई, मग कंपनीने सांगितल्याप्रमाणे तेल, मग ऑटोक्लेव्ह, हा क्रम पाळला तर आयुष्य वाढतं. अनेक हँडपीसमध्ये फक्त आतलं टर्बाइन बदलूनही काम भागतं.

खरी अडचण संख्येची

समजा, दिवसाला 12 पेशंट आणि महिन्याला 25 दिवस काम. तीन हँडपीस असतील तर प्रत्येकाला महिन्याला 100 वेळा ऑटोक्लेव्ह सोसावा लागतो. सहा असतील तर 50 वेळा. सफाई, वाफ, सुकणं आणि थंड होणं यात बराच वेळ जातो. एकच हँडपीस असेल तर पेशंट थांबतील, नाहीतर निर्जंतुकीकरण वगळलं जाईल. म्हणून खरेदी करताना 'किती वर्षं टिकेल' यापेक्षा 'किती वेळा ऑटोक्लेव्ह सोसेल' हे विचारणं जास्त उपयोगाचं.

पेशंटने काय पाहावं?

हँडपीस बंद पाउचमधून समोर काढलं जातंय का? पाउचवरची रंग बदललेली खूण ते ऑटोक्लेव्हमधून गेल्याचं सांगते. आतले जंतू मेल्याची हमी देत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्हची नियमित जैविक चाचणी लागते. "डॉक्टर, तुमच्याकडे किती हँडपीस आहेत?" हेही विचारायला हरकत नाही.